मुलगी सांगेल, पण कोणाला?

(खोपोली येथे कर्जत-खालापूर भागातल्या बचत गटांच्या बाया, अंगणवाडीताई आणि शिक्षिका यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजच्या बैठकीचा विषय तुम्ही स्वतः ठरवलात, याचा मला आनंद वाटतो. एरवी आम्हाला बोलावणे येते ते दारूच्या प्रश्नावर, नाहीतर कायद्याची माहिती द्यायला. या वेळचा निरोप वेगळा होता. "पोरापोरींच्या मोबाईलबद्दल काहीतरी बोला. शाळेतच जोड्या लागतात, आणि मग जे होते ते आम्हाला निस्तरावे लागते." निस्तरावे लागते हे खरे आहे. पण सगळ्यात आधी कोणाला? आधी त्या मुलीला. तिची शाळा सुटते, तिचे लग्न उरकले जाते, तिच्यावरचा डाग मात्र कायम राहतो. म्हणून आज मी तिच्या बाजूने बोलणार आहे. त्या मुलाबद्दलही बोलणार आहे, कारण तोही इथे बसलेल्यांपैकीच कोणाचा तरी मुलगा आहे.

आपला भाग धड शहर नाही, धड खेडे नाही. १९१५ साली घाटाच्या पायथ्याशी टाटांचे वीजघर सुरू झाले, इथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. मग कारखाने आले, द्रुतगती मार्ग आला, कामासाठी बाहेरची माणसे आली. वर वाड्यांवर ठाकूर, कातकरी कुटुंबे आहेत. त्यांतली कितीतरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. गावातल्या मुली एसटीने, लोकलने नाहीतर पायी हायस्कूलला येतात. केळवली, डोलवलीच्या स्टेशनवर एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी किती ताटकळावे लागते ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या वेळात मुले-मुली एकमेकांशी बोलतात. पूर्वीही बोलत होती. आता फरक एवढाच की गाडीतून उतरल्यावर बोलणे थांबत नाही. ते रात्री एकपर्यंत चालू राहते.

हा फोन घरात आला कसा, हे आठवा. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि घराघरांत स्मार्टफोन आला. पण तो बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात होता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास फोनवर आला. ज्या घरात मुलीच्या हाती फोन देणे म्हणजे पाप, त्या घराकडे शाळेनेच फोन मागितला! शाळा पुन्हा भरल्या, तरी गृहपाठ आणि सूचना व्हॉट्सॲपवरच राहिल्या. रस्ता कसा ओलांडावा हे आपण लेकराला हात धरून शिकवतो. या रस्त्यावर मात्र त्यांना सोडून दिले आणि वर विचारतो, "गेलीसच कशाला तिकडे?"

थोडे आकडे सांगते. २०२४ सालच्या 'असर' अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारले होते. त्याआधीच्या आठवड्यात फोनवर काहीतरी अभ्यास केला असे सांगणारी ५७ टक्के निघाली, आणि सोशल मीडिया वापरला असे सांगणारी ७६ टक्के. फोन चालवता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन ३६ टक्के मुलांकडे होता, मुलींपैकी मात्र २७ टक्क्यांकडेच. आणि सोशल मीडिया वापरणाऱ्यांत, त्रास देणाऱ्याला ब्लॉक कसे करायचे, त्याची तक्रार कशी करायची हे ६२ टक्क्यांनाच माहीत होते. बाकीच्यांचे काय? आपल्या, म्हणजे आयांच्या पिढीचे तर बघायलाच नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनीच कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले; पुरुषांत हे प्रमाण ६१ टक्क्यांच्या पुढे होते. म्हणजे मुलगी अडचणीत सापडली तर तिच्या आईला ती अडचण नेमकी काय आहे हेच कळत नाही. आणि ज्याला कळते, त्या बापाला किंवा भावाला सांगायची तिची छाती होत नाही.

आता प्रेमाबद्दल बोलू. चौदा-पंधराव्या वर्षी कोणीतरी आवडणे हा गुन्हा नाही, रोग नाही, आणि मोबाईलने लावलेले व्यसनही नाही. मोबाईल नव्हता तेव्हा वहीतून चिठ्ठ्या जात होत्या. तुमच्यातल्या काहीजणी हसताहेत, म्हणजे मी काय म्हणते ते कळले! या वयात शरीर बदलते, मन बदलते. आपल्याला कोणी चांगले म्हणावे असे वाटते. घरात मुलीला चांगले कोण म्हणते? "पाणी भर, भाकरी थाप, धाकट्याला सांभाळ." मग एखादा मुलगा "आज छान दिसत होतीस" असे लिहितो. ते दोन शब्द तिला दिवसभर पुरतात. यात वाईट काय आहे?

आणि दोघांनी बोलायचे तरी कुठे? झेनिथच्या धबधब्याकडे दोघे दिसले की संध्याकाळपर्यंत बातमी घरी. शाळेत मुलगा-मुलगी बोलली तर बाई ओरडतात. घर एका खोलीचे, त्यात सहा माणसे. अशा घरात मुलीला स्वतःचा असा एकच कोपरा मिळतो, तो म्हणजे गोधडीत तोंड घालून पाहिलेला फोन. दिवसाउजेडी साधी मैत्री करायला आपण जागा ठेवली नाही, म्हणून ती रात्रीच्या अंधारात गेली. मग झोप होत नाही, पहिल्या तासाला डोळे मिटतात, डोके दुखते, चिडचिड होते, मार्क घसरतात. कोणी उत्तर दिले नाही की जीव कासावीस होतो, आपला फोटो किती जणांना आवडला यावर आपली किंमत ठरते. मुलग्यांचे आणखी वेगळे. गेममध्ये पैसे लावणे हा प्रकार इतका वाढला की २०२५ साली त्यावर बंदीचा कायदा करावा लागला. शिवाय तेराव्या-चौदाव्या वर्षी जे व्हिडिओ त्यांच्या पाहण्यात येतात, त्यांत बाईला 'नाही' म्हणायचा हक्कच नसतो. शरीरसंबंध म्हणजे काय हे आपण सांगितले नाही, आणि ते व्हिडिओ जे सांगतात तेच मुलगा खरे धरतो. तो मुलगा उद्या कोणाच्या तरी मुलीशी कसा वागेल?

शाळांमध्ये मुलींशी बोलताना आम्ही एक प्रश्न विचारतो : "तो तुझ्यावर प्रेम करतो हे तुला कशावरून कळते?" उत्तरे ऐका. "तो माझा पासवर्ड मागतो." "मी ऑनलाईन दिसले की विचारतो, कोणाशी बोलतेस." "दुसऱ्या मुलाने माझ्या फोटोवर काही लिहिले की त्याला राग येतो." मैत्रिणींनो, हे ओळखीचे वाटते की नाही? नवरा पदराखालचा हिशेब मागतो, कुठे गेलीस, कोणाशी बोललीस विचारतो, आणि आपल्याला सांगितले जाते की त्याचे तुझ्यावर प्रेम आहे म्हणून तो असे करतो. आपल्या मुली हे घरात बघून शिकल्या आहेत. फोनने फक्त त्या पाळतीला चोवीस तासांची सोय करून दिली.

आणि प्रेमाच्या नावावर मालकी सांगितली की पुढे काय होते, हे या रेल्वेमार्गाने पाहिलेले आहे. १९९० सालच्या मार्चमध्ये उल्हासनगरला रिंकू पाटील ही मुलगी दहावीचा पेपर द्यायला बसली होती. परीक्षेच्या वर्गात शिरून एका तरुणाने तिला पेटवून दिले. वर्तमानपत्रांनी त्याला 'एकतर्फी प्रेम' म्हटले. तेव्हा स्त्री-संघटनांनी रस्त्यावर येऊन सांगितले, याला प्रेम म्हणू नका. 'नाही' हा शब्द मुलीच्या तोंडून ऐकायची सवय नसलेल्या पुरुषाने केलेला हा खून आहे. तेव्हा मोबाईल कुठे होता? म्हणून मोबाईल फोडला की प्रश्न सुटला, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

दुसरी आठवण १९९४ ची, जळगावची. शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुलींना ओळख वाढवून, फूस लावून जाळ्यात ओढले गेले, त्यांचे फोटो काढले गेले, आणि त्या फोटोंच्या धाकावर त्यांचे पुन्हा पुन्हा शोषण झाले. सारा महाराष्ट्र हादरला. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला, मीरां बोरवणकर त्या तपासात होत्या. पण तक्रार द्यायला किती मुली पुढे आल्या? फार थोड्या. का? त्यांना गुन्हेगाराची भीती होती, हे खरेच. पण त्याहून मोठी भीती घरच्यांची आणि गावाची होती. ज्यांची लग्ने ठरली होती ती मोडतील, बहिणींची लग्ने होणार नाहीत, बाप जीव देईल. 'जळगावची मुलगी' म्हटले की स्थळे नाकारली जाऊ लागली होती, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. फोटो होता गुन्हेगाराच्या हातात, पण त्या फोटोला धार लावली ती आपण सगळ्यांनी, आपल्या इभ्रतीच्या कल्पनेने.

आजही तेच चालले आहे, फक्त यंत्र बदलले. तेव्हा कॅमेरा लागायचा, धुलाईला दुकान लागायचे. आता मुलीने काहीच केले नसले तरी तिच्या शाळेच्या गॅदरिंगमधल्या फोटोवरून मशीन उघडे चित्र बनवून देते. तेव्हा "तू फोटो पाठवलासच का?" या प्रश्नालाही आता अर्थ उरलेला नाही.

एक उदाहरण सांगते. नाव-गाव सांगणार नाही, ओळख पटेल असे काही सांगणार नाही. नववीतली मुलगी. मुलगा तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, ओळखीतलाच. सहा महिने गोड बोलणे झाले. मग एक दिवस त्याने म्हटले, "माझ्यावर विश्वास आहे ना? मग एक फोटो पाठव." तिने पाठवला. पुढे भांडण झाले, तिने बोलणे तोडले, तेव्हा तो म्हणाला, "भेटायला आली नाहीस तर हा फोटो तुझ्या भावाला पाठवतो." लक्षात घ्या, पोलिसांना पाठवतो असे तो म्हणाला नाही, गुरुजींना पाठवतो असेही नाही. भावाला! तिच्या घरात काय होईल हे त्याला पक्के ठाऊक होते. चार महिने ती गप्प राहिली. पोटात दुखते म्हणून शाळा बुडवायला लागली. आईने देवऋषी केला. शेवटी ती बोलली ती अंगणवाडीताईशी. मी नंतर तिला विचारले, "ताईलाच का सांगितलेस?" ती म्हणाली, "ताई आधी ओरडत नाही."

हे वाक्य सगळ्यांनी घरी घेऊन जा. तिला कायदा माहीत नव्हता, नंबर माहीत नव्हता. 'आधी न ओरडणारे' एक माणूस माहीत होते, म्हणून ती वाचली.

धमकी देणाऱ्याचे भांडवल काय, ते नीट समजून घेऊ. फोटो हे त्याचे खरे भांडवल नाही. मुलीने घरी सांगितले तर घरचे तिला शिक्षा करतील, ही खात्री हे त्याचे भांडवल आहे. फोन काढून घेतील, शाळा बंद करतील, मारतील, आतेभावाशी लग्न लावून मोकळे होतील. याच पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली दिसली. त्यांतली कितीतरी "वेळीच उजवलेली बरी" या भीतीपोटी झालेली असतात. आईबापांना आपण मुलीला वाचवतो आहोत असे वाटते. प्रत्यक्षात त्यांनी धमकी देणाऱ्याचे हात बळकट केलेले असतात.

मग बंदी घालावी की नाही? आपल्याच राज्यातली दोन गावे बघा. २०२२ साली यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने ग्रामसभेत ठराव केला की अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल नाही. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने दुसरे काही केले. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांचा अभ्यास, आणि मोठ्यांचेही फोन बाजूला. दोन्ही गावांची काळजी खरी आहे. पण मला दुसरा मार्ग जास्त पटतो. का, ते सांगते. पहिल्यात नियम फक्त मुलांना आहे, आणि असा नियम घरात शिरला की तो मुलीवर आधी लागतो. भावाचा फोन भावाकडेच राहतो. दुसऱ्यात बापालाही फोन ठेवावा लागतो. जेवताना रील बघणाऱ्या बापाने मुलाला "अभ्यास कर" म्हटले तर ते कोण ऐकणार? परदेशातही हा वाद आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खाते ठेवायला मनाई केली आणि जबाबदारी टाकली ती कंपन्यांवर, मुलांवर नाही. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुलांची झोप मोडून ज्या कंपन्या पैसा कमावतात, त्यांना आपण कधी जाब विचारतो? आपला सगळा जाब मुलीला.

आता कायद्याचे. हा भाग किचकट आहे, पण अर्धवट माहितीने फार नुकसान होते, म्हणून नीट ऐका.

२०१२ चा पॉक्सो कायदा. अठरा वर्षांखालचे प्रत्येक जण, मुलगा असो की मुलगी, या कायद्याने बालक आहे. त्या वयात संमती होती असे म्हणून कोणी सुटत नाही. लहान मुलांवरचे अत्याचार दडपले जात होते, त्यासाठी हा कायदा हवाच होता. असा गुन्हा घडल्याचे कळल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेने दडपले तर तोही गुन्हा. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलीला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. तिचे नाव छापता येत नाही. हे हक्क पाठ करा. ठाण्यात गेल्यावर उपयोगी पडतात.

पण याच कायद्याची दुसरी बाजू आपण पाहतो. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा आपखुशीने पळून जातात. जात वेगळी असते. मुलीचा बाप तक्रार देतो, मुलगा तुरुंगात, मुलगी सुधारगृहात. इथे कायदा मुलीच्या रक्षणासाठी वापरला गेला की जातीच्या? दुसरीकडे चौदा वर्षांची मुलगी आणि पंचवीस वर्षांचा पुरुष यांनाही लोक 'प्रेमप्रकरण' म्हणतात. ते मला मान्य नाही. तिथे वयात आणि ताकदीत फार मोठे अंतर आहे. बंगालमधल्या अशाच एका खटल्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ साली किशोरवयीन मुलींनी आपल्या वासनेवर ताबा ठेवावा असा उपदेश केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते शेरे चूक ठरवले आणि २०२४ साली त्या पुरुषाला दोषी धरले. पण मे २०२५ मध्ये त्याला शिक्षा न देण्याचा निर्णय केला. तोवर ती मुलगी त्याच्याशी संसार करत होती, तिला मूल होते, आणि त्याला सोडवण्यासाठी तीच कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. न्यायालयाने जे म्हटले त्याचा मतितार्थ असा की समाजाने तिला दोष दिला, कायद्याच्या यंत्रणेने तिला साथ दिली नाही, घरच्यांनी तिला टाकले. वेळेवर तिला विचारणारे कोणीच नव्हते.

फोटोंबाबत माहिती तंत्रज्ञान कायद्यात '६७ ब' कलम आहे. अठराखालच्या मुलाचे किंवा मुलीचे अश्लील चित्र बनवणे, पाठवणे, पसरवणे यासाठी पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे चित्र जवळ बाळगण्याबाबतही कायदा किती कडक आहे ते स्पष्ट केले. हे मुलग्यांना सांगा. मित्राने ग्रुपवर टाकलेले पुढे ढकलणे ही गंमत नाही. मुलीच्या मागे फोनवर, इंटरनेटवर लागणे हा पाठलागाचा गुन्हा २०१३ पासून आहे आणि आता न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे.

प्रत्यक्षात असा प्रसंग आला तर काय करायचे? पहिले, मुलीला म्हणायचे, "बरे झाले सांगितलेस." दुसरे, काही पुसायचे नाही. धमकीचे संदेश, नंबर, खात्याचे नाव, तारीख यांचे स्क्रीनशॉट ठेवायचे. पण मुलीचा फोटो दहा जणांना दाखवत फिरायचे नाही. तिसरे, पैसे द्यायचे नाहीत, भेटायला जायचे नाही. एकदा दिले की मागणी वाढते. चौथे, त्या खात्याची तक्रार करून ते ब्लॉक करायचे. असे चित्र तक्रार आल्यावर काढण्याचे बंधन कंपन्यांवर आहे. २०२१ साली नियम आले तेव्हा त्यासाठी चोवीस तासांची मुदत ठरली होती. 'टेक इट डाऊन' नावाची एक मोफत सोयही आहे. अठराखालच्या वयातला फोटो कोणाला न दाखवता त्याची खूण नोंदवता येते, आणि त्यात सहभागी असलेल्या कंपन्या तो फोटो ओळखून अडवतात. पाचवे, सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया व मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार नोंदवता येते. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० ला लगेच फोन करायचा. मुलांसाठी १०९८ आहे. ही सेवा १९९६ साली आपल्या मुंबईतूनच सुरू झाली. तातडीला ११२. हे आकडे बचत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता शाळेकडे वळू. इथे बसलेल्या शिक्षिकांना मी दोष देत नाही, त्यांच्यावर कामांचा डोंगर आहे. पण शरीराचा धडा आला की "घरी वाचा" हे किती वर्षे चालायचे? र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. खटले सोसले, १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून कोर्टात उभे राहिले. ज्या महाराष्ट्रात हे घडले, त्याच महाराष्ट्रात २००७ साली शाळांमधल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर विधानसभेत गदारोळ होऊन तो थांबवण्यात आला. संस्कृती बुडेल, असे कारण होते. संस्कृती वाचली का, ते माहीत नाही. मुले मात्र फोनकडे गेली.

मार्च २०२२ मध्ये सरकारने प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री समिती' नेमायचा निर्णय काढला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, लोकांनी रेल्वे अडवली, कर्जत-खोपोलीकडची वाहतूकही त्या दिवशी ठप्प झाली. त्यानंतर पुन्हा आदेश निघाले : समित्या नेमा, तक्रारपेट्या लावा. माझे तुम्हाला सांगणे आहे की आपापल्या शाळेत जाऊन विचारा, समिती आहे का? तिची शेवटची बैठक कधी झाली? पेटीची किल्ली कोणाकडे असते? ज्याच्याविरुद्ध तक्रार होऊ शकते त्याच्याकडेच किल्ली असेल तर त्या पेटीचा काय उपयोग? आणि समितीत फक्त मान्यवर नकोत. मुलींच्या विश्वासातली एक बाई हवी.

शेवटी घरातले. मुलग्याशी बोला. "पोरीच्या जातीने जपून राहावे" हे आपण लाख वेळा म्हटले. "पोराने 'नाही' ऐकायला शिकावे" हे किती वेळा म्हटले? एखादी मुलगी बोलायचे थांबली तर वाईट वाटते, रडू येते, ते येऊ दे, पण तिला त्रास द्यायचा नाही, एवढे त्याला सांगा. पासवर्ड मागणे हे प्रेम नाही, हे दोघांनाही सांगा. रात्री दहानंतर घरातले सगळे फोन एका फळीवर ठेवा, आईचा आणि बापाचासुद्धा. आणि तुम्ही स्वतः फोन शिका. मुलीकडूनच शिका. आईला फोन शिकवताना मुलगी दहा गोष्टी आपणहून बोलून जाते, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

आजच्या बैठकीतून मला एकच ठराव हवा आहे. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या मुलींना एकत्र बोलावून चार गोष्टींचे वचन द्यायचे. "तू सांगितलेस म्हणून तुझा फोन जाणार नाही. तुझी शाळा सुटणार नाही. तुझे लग्न ठरवले जाणार नाही. तुला कोणी मारणार नाही." आणि प्रत्येक वाडीत, प्रत्येक वस्तीत एका बाईचे नाव ठरवायचे, जिच्याकडे मुलगी कधीही येऊ शकेल. ती शिकलेली हवी असे नाही. गोष्ट पोटात ठेवणारी हवी, आणि आधी न ओरडणारी हवी.

हे वचन मोडायला घरातले पुरुष तुम्हाला भाग पाडतील, हे मला माहीत आहे. म्हणूनच ते एकेकीने द्यायचे नाही, गटाने द्यायचे. एकटी आई नवऱ्यापुढे गप्प बसेल. पंधरा बाया दारात उभ्या राहिल्या तर मुलीची शाळा बंद करताना त्याला दोनदा विचार करावा लागेल. दारूच्या भट्ट्या बायांनी अशाच बंद पाडल्या. हेही जमेल.

आता मी थांबते. नावे ठरवायला सुरुवात करू या. पहिले नाव कोणाचे?